लिफ्टचं दार मिटेपर्यंत

टोकियोतल्या ओजिमाच्या आमच्या वसाहतीत आजही कुणा मराठी बाईला पहिल्यांदा दवाखान्यात जायचं असलं, की ती नवऱ्याला नाही, पद्मिनीताईंना बरोबर नेते. पद्मिनीताई तिथे काहीच करत नाहीत. नुसत्या खुर्चीवर बसतात. त्या बसल्या की बाईला तपासल्याशिवाय त्या दवाखान्याची सुटका होत नाही. हे बसणं त्यांनी सांगलीहून आणलं, पण ते कुठे वापरायचं हे कळायला त्यांना पित्ताशय गमवावं लागलं.

अपमान ओळखण्यात सांगली जिल्ह्यात पद्मिनीताई पाटणकरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे मला त्यांच्या नवऱ्याने, मोरेश्वररावांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता की थकवा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. लग्नात मुलाकडच्या बाजूने पद्मिनीताई आहेत म्हटलं की मुलीकडच्यांची झोप उडायची. विहिणीच्या पंगतीत कुणाच्या ताटाभोवती रांगोळी राहिली, पाय धुताना कुणाला गार पाणी घातलं, कानपिळीच्या वेळी कोण उगाच हसलं, सगळं त्यांच्या डोळ्यांत टिपलं जायचं. आहेरातला ब्लाउजपीस त्या नुसता हातात घेत आणि घडीवरून सांगत, की हा तीन घरं फिरून आलाय. मग त्या रुसून बसत. रुसणं म्हणजे आरडाओरडा नाही. एक खुर्ची धरायची, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचा आणि उठायचं नाही. मुलीचा बाप येऊन हात जोडत नाही तोवर वरात जागची हलत नसे.

मोरेश्वररावांच्या बँकेने त्यांना टोकियोला पाठवलं आणि ही बाई ओजिमात अकराव्या मजल्यावर राहायला आली. आम्ही त्याच मजल्यावर दोन दारं सोडून. माझा नवरा शशांक सॉफ्टवेअरवाला. त्या वर्षांत सॉफ्टवेअरवाल्यांची नुसती रीघ लागली होती, दर महिन्याला एखाद्या नव्या दारातून कुकरची शिट्टी ऐकू यायची. मी पुण्यात नोकरी करत होते, इथे येऊन व्हिसावर 'पत्नी' झाले, आणि त्याचा राग मला सकाळी उठल्यापासून असायचा. पद्मिनीताईंना मात्र राग यायला जागाच सापडेना.

"चारुता, इथे बांधकामाच्या पत्र्यावरचं चित्रसुद्धा वाकून माफी मागतं गं," त्या म्हणायच्या. "पैसे काढायच्या मशीनमधली मुलगी वाकते. दुकानात नुसता कांदा घेतला तरी तो पोरगा दोन्ही हातांनी देतो. मला तर वाटतं हा सगळा देशच मुलीकडचा आहे."

मी म्हणायची, "ताई, ट्रेनमध्ये माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहते. उभे राहतात, पण बसत नाहीत."

"तुला मोकळं बसायला देतात. मानच आहे की तो."



अशात वसाहतीच्या सभागृहातल्या जपानी भाषेच्या वर्गाला एक दिवस कुरिहारा-सेन्सेई आले. सेन्सेई म्हणजे सर, इथे प्राध्यापकालाही म्हणतात आणि डॉक्टरलाही. एका विद्यापीठात प्राध्यापक, सडपातळ, फार सज्जन, आणि बोलण्याआधी तोंडातून हवा आत ओढण्याची सवय. त्यांना परदेशी रुग्णांना दवाखान्यात जाणवणारा भेदभाव मोजायचा होता. असा भेदभाव आहे की नाही हा त्यांचा विषय नव्हता. जाणवतो किती, तेवढंच. त्यांच्याजवळ युरोपातली एक प्रश्नावली होती, तिकडच्या रोमा लोकांसाठी बनवलेली. घरोघर जाऊन ती भरून आणायला त्यांना दोन बायका हव्या होत्या. अर्धवेळ काम, म्हणजे इथल्या भाषेत बाइतो. मी चटकन हात वर केला. पद्मिनीताईंनी आधी चौकशी केली.

"हे रोमा कोण?"

सेन्सेईंनी समजावून सांगितलं. युरोपभर पसरलेले लोक, शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलेले. दवाखान्यात त्यांना ताटकळत ठेवतात, वेगळ्या खोलीत घालतात, हात लावत नाहीत. भाषेचे अभ्यासक सांगतात की ते मुळात भारतातून गेले. म्हणूनच तर सेन्सेईंना आमची आठवण झाली होती. रोमा मूळचे भारतीय, तेव्हा त्यांच्यासाठी केलेली प्रश्नावली भारतीयांना काहीही न बदलता लागू पडेल, असा त्यांचा विचार होता. एवढ्या शिकलेल्या माणसाला तो सुचला आणि वर निधीही मिळाला, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

"गेले कधी ते इकडून?" पद्मिनीताईंनी विचारलं.

"सुमारे एक हजार वर्षं झाली."

पद्मिनीताई घरी येताना लिफ्टमध्ये म्हणाल्या, "हजार वर्षं आपली माणसं परक्याच्या दारात ताटकळतायत आणि आपण साधी विचारपूस केली नाही. भावकीत कसं तोंड दाखवायचं?" त्यांनी काम घेतलं ते असं, भावकीचं म्हणून.

ती प्रश्नावली युरोपातल्या कुठल्याशा भाषेतून इंग्रजीत, इंग्रजीतून जपानीत आली होती. मराठीत मी आणली. जिथे 'रोमा' होतं तिथे 'भारतीय' घातलं, बाकी एक अक्षर हलवायचं नाही अशी सक्त ताकीद होती. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण. शून्य म्हणजे मुळीच जाणवलं नाही, पाच म्हणजे फार जाणवलं. पहिला प्रश्न असा होता: तुमची वस्ती डांबरी रस्त्यापासून दूर आहे म्हणून रुग्णवाहिका यायला नकार देते का? आमच्या वसाहतीच्या पोटातून मेट्रो जाते.

बायकांना एकत्र कसं गाठायचं, हा प्रश्न होता. पद्मिनीताईंनी तो चुटकीसरशी सोडवला. जानेवारी होता. त्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. काळ्या साड्या नेसून वसाहतीतल्या सगळ्या आल्या. प्रत्येकीला हळदीकुंकू, हातावर तिळगूळ, लुटायला कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातून, आणलेली डब्याची जोडी, आणि तिच्यासोबत प्रश्नावली. तिळगूळ देताना पद्मिनीताई म्हणत, "तिळगूळ घ्या, गोड बोला," आणि लगेच पुढे, "दवाखान्यात तुमचा कधी अपमान झालाय का?"

आता संक्रांतीच्या दिवशी, काळी साडी नेसून, हातात तिळगूळ घेऊन कुठली बाई कडू बोलेल? सगळ्या गोड बोलल्या.

"बाळंतपणात तुम्हाला इतर बायकांपासून वेगळ्या खोलीत ठेवलं का?" मी स्वरूपाला विचारलं. तिचा मुलगा तेव्हा तीन महिन्यांचा होता.

"ठेवलं की. ह्यांच्या कंपनीने दिली होती स्पेशल रूम. खिडकीतून नदी दिसायची."

मी शून्य लिहिलं. हाच प्रश्न तिकडे कुणा रोमा बाईला विचारला असेल तेव्हा तिला काय काय आठवलं असेल, असं वाटून मला एकदम कसंतरी झालं. पण तोवर पुढची बाई बसली होती.

पुढची होती कस्तुरी, सातवा महिना. तिला दोन प्रसूतिगृहांनी परत पाठवलं होतं. हे तिने जाता जाता, तिळगूळ चघळत सांगितलं.

"परत पाठवलं म्हणजे?" मी पेन उचललं.

"म्हणजे नाही म्हणाले. त्यांच्याकडे इंग्रजी बोलणारं कुणी नाही ना. पण इतकं सॉरी म्हणाले, मलाच वाईट वाटलं त्यांचं. नर्स रस्त्यापर्यंत सोडायला आली."

मी पाच लिहायला लागले तर पद्मिनीताईंनी माझं मनगट धरलं. "तुला काय वाटलं ते नको लिहूस. तिला काय जाणवलं ते लिही. तिला काही जाणवलं नाही. शून्य."

नियम त्यांचा बरोबर होता. सेन्सेईंनी तसंच बजावलं होतं. मी शून्य लिहिलं, आणि लिहिताना शाई कागदाच्या पलीकडे उमटली.

त्या हळदीकुंकवाच्या दिवशीच मी पहिल्यांदा पाहिलं, की पद्मिनीताई ओट्याला धरून उभ्या आहेत आणि दुसरा हात उजव्या बरगडीखाली दाबलेला आहे. म्हणाल्या, पित्त झालंय, संक्रांतीचं खाणं बाधलं. जिरं चावलं, आमसुलाचं सार प्यायल्या. आठवड्याभरात जेवणानंतर ती कळ रोज यायला लागली, पाठीपर्यंत जायची. मग मात्र त्या दवाखान्यात गेल्या.

पहिला दवाखाना बाजाराच्या गल्लीतला, दुसऱ्या मजल्यावर. काउंटरवरच्या मुलीने त्यांना पाहताच दोन्ही हातांची फुली केली आणि म्हणाली, "इंग्लिश, नो." पद्मिनीताई जपानीत बोलल्या. वर्गात शिकवलेली सगळी आदरार्थी रूपं लावून म्हणाल्या, की मला जपानी येतं, माझ्या पोटात दुखतं आहे. मुलगी आणखी ओशाळली आणि इंग्रजीतच पुन्हा म्हणाली, "सॉरी, नो इंग्लिश." मग तिने आतून मोठ्या बाईंना बोलावलं, दोघींनी मिळून शेजारच्या दवाखान्याचा नकाशा हाताने काढून दिला, बाहेर भुरभुर होती म्हणून एक पारदर्शक छत्री दिली, आणि लिफ्टपर्यंत येऊन दार मिटेपर्यंत कमरेत वाकून उभ्या राहिल्या.

पद्मिनीताई घरी आल्या त्या वाकडं चालत, पण चेहरा असा, की जसा काही शालू मिळालाय. "नकाशावर दवाखान्यासमोरचं झाडसुद्धा काढलंय गं."

"ताई, हाकलून दिलंय तुम्हाला."

"हाकलताना कुणी छत्री देतं का?"

दुसऱ्या दवाखान्यात खुद्द डॉक्टर बाहेर आले. त्यांनी हात जोडल्यासारखे करून सांगितलं, की आमच्यासारख्या लहान ठिकाणी आपली नीट सेवा होणार नाही, आपण अधिक योग्य जागी जावं हे बरं. जाताना एक मास्क आणि टिश्यूची पाकिटं दिली. तिसऱ्या ठिकाणी आत जायला चपला बदलून दवाखान्याच्या सपाता घालायच्या होत्या. पद्मिनीताईंचा पाय त्यात मावेना. तिथल्या नर्सने गुडघ्यावर बसून दुसरी सपाता शोधली, स्वतःच्या हाताने त्यांच्या पायात घातली, आणि मग सांगितलं की आम्ही नवे रुग्ण घेत नाही. नंतर तसंच गुडघ्यावर बसून सपाता काढून घेतल्या.

"माझ्या लग्नातसुद्धा माझ्या पायाला कुणी असा हात लावला नव्हता," पद्मिनीताई म्हणाल्या. बोलताना त्यांना मध्येच थांबावं लागलं, कारण कळ आली.

मी मोरेश्वररावांना गाठलं. त्या आता मऊ भाताखेरीज काही खात नव्हत्या आणि दोन जिन्यांत दम लागत होता. मोरेश्वरराव फार सरळ माणूस. म्हणाले, "ऑफिसात आमच्या साहेबांना, तानाका-सानना, सांगितलं तर ते स्वतः फोन करतील, पण त्यांना अवघडल्यासारखं होईल. आणि आपण कंप्लेंट केली असं दिसायला नको. आपल्या मागून बँकेचे किती लोक येणार आहेत."

"रुग्णवाहिका बोलवा."

"ती म्हणते, ज्याला चालता येत नाही त्याने बोलवायची."

वर पद्मिनीताईंनी मला खडसावलं. "आणि रुग्णवाहिका येते आपल्याकडे. पहिल्याच प्रश्नाला शून्य लिहिलंय आपण." अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मला त्यांची भीती वाटायला लागली होती, आणि भीती वाटली की मला राग येतो. त्या रात्री मी शशांकवर कारण नसताना ओरडले.

फेब्रुवारीत एका सकाळी मी त्यांच्याकडे भरलेल्या प्रश्नावल्या घ्यायला गेले. त्यांनी दार उघडलं आणि मला त्यांचे डोळे दिसले. पिवळे. हळदीकुंकवाची हळद डोळ्यांत गेल्यासारखे. मी कोट चढवला, त्यांना चढवला, आणि टॅक्सीने दोन स्टेशनं पलीकडच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं.

बाह्यरुग्ण विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. काउंटरवर तिघं होते, दोन बायका आणि एक तरुण. मी जपानीत सगळं सांगितलं. डोळे पाहा म्हणाले, पोट दुखतंय म्हणाले. तिघांनी ऐकून घेतलं, तिघांचे चेहरे दुःखाने भरून आले. त्या तरुणाने हवा आत ओढली. दुभाषा नाही. दुभाषा नसताना तपासणं म्हणजे आपल्यावर अन्याय होईल. ती जोखीम आपल्याला घ्यायला लावणं आम्हाला शोभत नाही. मी दुभाषीच आहे म्हटलं. त्यावर तो म्हणाला की मी फार छान जपानी बोलते. मग तिघंही काउंटरमागून बाहेर आले आणि आम्हाला लिफ्टकडे पोचवायला निघाले.

लिफ्टचं दार उघडलं. मी आत गेले. पद्मिनीताईंनी एक पाऊल आत टाकलं, दुसरं बाहेर ठेवून त्या निरोपाला वळल्या, आणि तिथेच त्यांना कळ आली. अशी आली की त्या कमरेत दुमडल्या. समोर ते तिघं पोचवायला उभे. त्यांना वाटलं, ह्या आपल्याला नमस्कार करतायत. त्यांनी घाईघाईने आणखी खाली वाकून घेतलं. पद्मिनीताई कळेने आणखी दुमडल्या. ते तिघं आणखी वाकले. जपानमध्ये समोरचा उठल्याशिवाय आपण उठायचं नसतं, आणि पद्मिनीताईंना उठता येत नव्हतं. लिफ्टचं दार मिटायला यायचं, त्यांच्या खांद्याला लागायचं, पुन्हा उघडायचं. मग लिफ्टमधली रेकॉर्डवरची बाई बोलायला लागली: दार मिटत आहे, कृपया काळजी घ्या. दार मिटत आहे, कृपया काळजी घ्या. एवढी चार माणसं वाकलेली आणि मी एकटी ताठ उभी. मला हसू येतंय की रडू, तेच कळेना.

वाकल्या वाकल्याच पद्मिनीताई माझ्याकडे मान वळवून म्हणाल्या, "चारुता."

"ताई, उठा, मी धरते."

"चारही ठिकाणी मला पोचवायलाच आले गं. या म्हणायला कुणी आलं नाही."

हे त्यांनी अगदी हळू, मनाशी हिशेब लागल्यासारखं म्हटलं. मग त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि लिफ्टच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसल्या. एक पाय आत, एक बाहेर.

"आता मी उठत नाही," त्या म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या, पण ते सगळ्यांना कळलं.

असं काही झालं तर काय करायचं हे त्या तिघांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पाहुण्याला पोचवताना पाहुणा बसला तर? एक बाई पुन्हा वाकली. दुसरी तिचं पाहून वाकायला गेली आणि मध्येच थांबली. तरुणाने एक उशी आणून दिली. खरंच आणली, काउंटरवरच्या खुर्चीची. पद्मिनीताईंनी ती घेतली, खाली सारली आणि तिच्यावर पक्क्या बसल्या. दार त्यांच्या खांद्याला लागत राहिलं. बाकीचे रुग्ण जिन्याने जायला लागले, जाताना प्रत्येक जण आम्हाला वाकून जात होता.

इतक्यात कॉरिडॉरच्या टोकाकडून एक म्हातारा ओरडत आला. पांढरा कोट, ओठात न पेटवलेली सिगारेट. त्याला बाहेर जाऊन ती ओढायची होती आणि लिफ्ट येत नव्हती.

"लिफ्ट काय कुणाच्या बापाची आहे? कोण बसलंय मध्ये? उठ."

मला मराठीत सांगताना सोपं जातंय, पण त्याने खरोखरच असंच, कुत्र्याला बोलल्यासारखं म्हटलं. पद्मिनीताईंनी मान वर केली. म्हाताऱ्याने एक क्षण पाहिलं, सिगारेट खिशात टाकली, खाली बसला आणि न विचारता अंगठ्याने त्यांची खालची पापणी ओढली. मग दुसरा हात बरगडीखाली घालून असा दाबला की पद्मिनीताई किंचाळल्या.

"मूर्ख बाई. किती दिवस झाले?"

"एक महिना," मी म्हटलं.

"दोघीही मूर्ख."

तरुण पुढे सरसावून म्हणाला, की कोंदो-सेन्सेई, दुभाष्याची सोय नसल्यामुळे आम्ही—

"हिच्या पित्ताशयाला इंग्रजी लागतं का?" कोंदो म्हणाला. "खुर्ची आण. चाकाची."

पित्ताशयातला खडा नळीत अडकला होता. आणखी दोन दिवस गेले असते तर काय झालं असतं, ते कोंदोने मोरेश्वररावांना इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं, की मोरेश्वरराव भिंतीला टेकून खाली बसले. शस्त्रक्रिया त्याच दिवशी झाली. दुसऱ्या दिवशी कोंदो फेरीला आला, नमस्कार न करता पांघरूण ओढलं, जखम पाहिली, "बरं आहे" म्हणाला आणि पाठ फिरवून गेला. पद्मिनीताई दारापर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.

"असा उद्धट व्याही मिळाला असता तर मी लग्न मोडलं असतं," त्या म्हणाल्या. मग रडल्या. मीही रडले, कारण मला वाटलं होतं की त्या जाणार.

चौथ्या दिवशी कुरिहारा-सेन्सेई भेटायला आले. कागदात बांधलेलं एक खरबूज आणलं होतं, ते दोन्ही हातांनी दिलं. खूप वेळ वाकले. माझी साहाय्यक एवढी आजारी आणि मला कळलंही नाही, म्हणाले. ते मनापासून होतं, मी शपथेवर सांगेन. मग त्यांनी हवा आत ओढली आणि बॅगेतून कोरी प्रश्नावली काढली. पद्मिनीताई आता स्वतः रुग्ण होत्या, आणि सेन्सेईंना एक उत्तर कमी पडत होतं.

मी त्यांना दाराबाहेर घालवणार होते. पण पद्मिनीताई म्हणाल्या, "विचारू दे. कामच आहे त्यांचं."

आधीच्या तीन दवाखान्यांचे आणि या काउंटरचे गुण झाले. आदराने बोलले का? बोलले. आवाज चढवला का? नाही. इतरांपेक्षा कमी मान दिला का? जास्त दिला. पद्मिनीताईंनी प्रामाणिकपणे सगळीकडे शून्य सांगितलं. मग कोंदोची पाळी आली. आदराने बोलले का? नाही. आवाज चढवला का? हो. परवानगीशिवाय अंगाला हात लावला का? लावला. अपमानकारक शब्द वापरला का? दोनदा, एकदा हिच्यासाठी. पाच, पाच, पाच, पाच.

सेन्सेईंनी बेरीज केली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे या रुग्णालयात भेदभाव डॉक्टर कोंदो यांनी केला."

"सेन्सेई," पद्मिनीताई म्हणाल्या, "ह्यात एक प्रश्न घाला."

"कोणता?"

"तपासलं का."

सेन्सेईंनी पानं उलटून पाहिली. पुढून मागे, मागून पुढे. इतक्या प्रश्नांत तो कुठेच नव्हता. आमच्याकडच्या कार्यात असं एकदा झालं होतं, पद्मिनीताईंनी नंतर मला सांगितलं: टोपी, उपरणं, अत्तर, नारळ, सगळा मान झाला आणि जेवायला बसा म्हणायचं राहिलं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. सगळी वऱ्हाडी मंडळी अत्तर लावून उपाशी परतली.

"फारच उत्तम प्रश्न आहे," सेन्सेई म्हणाले. "मला स्वतःला अतिशय महत्त्वाचा वाटतो. फक्त तो घातला, तर युरोपातल्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही."

"त्या लोकांना तरी कुणी विचारलं होतं का?"

सेन्सेई थोडे घुटमळले. "मूळ अहवालात असं म्हटलंय, की त्यांनी न विचारलेलंही पुष्कळ सांगितलं. कागदाच्या कडेला लिहून घेतलं होतं. पण कडेचं मोजता येत नाही."

पद्मिनीताईंनी प्रश्नावलीच्या कोऱ्या कडेवरून बोट फिरवलं. मला माहीत होतं त्या कुणाचा विचार करतायत. हजार वर्षांपूर्वी गेलेली ती भावकी, दारात उभी, आणि समोर कागद घेतलेला एक सज्जन माणूस.

"आणि कस्तुरी?" त्यांनी विचारलं. "तिचे दिवस भरत आलेत. तिला अजून कुणी घेतलेलं नाही. तिचं शून्य मीच लिहवून घेतलंय. ते तरी बदलू द्या."

"तिला तेव्हा जे जाणवलं ते शून्यच होतं," सेन्सेई फार मृदूपणे म्हणाले. "त्यात मी हात घालणं तिच्या भावनांचा अनादर होईल." मग त्यांनी पद्मिनीताईंचे आभार मानले. त्यांच्याशिवाय हे काम झालंच नसतं, त्यांचं ऋण आपण जन्मभर विसरणार नाही, असं म्हणाले, आणि वाकले.

पद्मिनीताईंनी त्यांचं ते वाकणं पुरतं पाहून घेतलं. घडीवरून ब्लाउजपीस ओळखताना त्या कशा बघत असतील, ते मला त्या दिवशी कळलं. मग त्या गोड हसल्या. पलंगावर बसल्या बसल्या, टाके सांभाळत, जमेल तेवढ्या वाकल्या. टिश्यूचं एक पाकीट उशाला होतं, दुसऱ्या दवाखान्याने दिलेलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी सेन्सेईंना दिलं.

"चारुता," त्या मला मराठीत म्हणाल्या, "उद्या कस्तुरीला इथे घेऊन ये. मी खाली काउंटरसमोर बसते. चाकाच्या खुर्चीतून उठायचा प्रश्नच नाही." आणि मग, त्याच गोड चेहऱ्याने, "आता सरांना लिफ्टपर्यंत पोचवून ये. नीट पोचव."

मी पोचवलं. लिफ्टचं बटण मी दाबलं, दार मी धरलं. त्यांनी आत उभं राहून नमस्कार केला, मी बाहेर उभी राहून केला, आणि दार मिटेपर्यंत कमरेतून उठले नाही. शेवटच्या फटीतून त्यांचा चेहरा दिसला. अगदी समाधानी होता.

परत आले तर पद्मिनीताई खरबुजाचा कागद सोडवत होत्या.

"काही जाणवलं त्यांना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग शून्य लिही."